विमानाने पाऊस पळवला का? ढगपेरणी आणि कोकणातल्या पाड्यांवरचे पावसाचे ठोकताळे

प्रश्न असा आहे: जव्हार-विक्रमगड पट्ट्यातल्या पाड्यांवर जुन्या माणसांचे पावसाचे ठोकताळे हल्ली चुकतात. तरणी पोरं म्हणतात, विमानातून मीठ मारून पाऊस दुसरीकडे नेतात. हे खरं आहे का? आणि असल्या प्रयोगांनी आदिवासींचं, त्यांच्या पिढीजात ज्ञानाचं नेमकं काय होतं?

कोकणातला पाऊस कुणी विमानाने पळवलेला नाही. पण म्हणून प्रश्न फालतू ठरत नाही. नुकसान होतंच, ते वेगळ्या वाटेने होतं, आणि ती वाट नीट कळली तरच ग्रामसभेत काय मागायचं ते कळेल.

आधी ढगपेरणी म्हणजे काय ते बघू. ढगातला थेंब एवढा बारीक असतो की पावसाचा एक साधा थेंब व्हायला तसे दहा लाखाच्या आसपास थेंब एकत्र यावे लागतात. ते लवकर एकत्र यावेत म्हणून ढगाच्या बुडाशी, जिथे हवा वर खेचली जाते तिथे, विमानाच्या पंखाला लावलेली नळकांडी पेटवतात. त्यातून मिठाचे, बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे, कण सुटतात. ते पाणी ओढून फुगतात आणि भोवतालचे थेंब गिळत खाली येतात. ही उष्ण ढगांची पेरणी. दुसरी पद्धत सिल्व्हर आयोडाइडची. तिला उणे 5 अंशांखाली गेलेलं पण अजून न गोठलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर असते, म्हणजे त्यासाठी ढग त्याच्याही वर चढलेला हवा. दोन्ही पद्धतींत एक अट सारखी: ढग आधी असायला लागतो. निरभ्र आभाळातून पाऊस काढायचं तंत्र जगात कुणाकडे नाही.

पाऊस किती वाढतो? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 1973 ते 1986 या काळात बारामतीकडे 11 पावसाळे मिठाची पेरणी केली. निष्कर्ष निघाला साधारण 24 टक्के वाढीचा. त्याच संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर भागात 276 ढग निवडले, काहींत पेरणी केली, काही तसेच सोडले आणि तुलना केली. वाऱ्याच्या खालच्या बाजूच्या 100 चौरस किलोमीटरात सरासरी 18 टक्के वाढ दिसली. हे दोन्ही पर्जन्यछायेचे मुलूख. तिथली हवा धुळीची, ढगात बारीक थेंबांची गर्दी आणि मोठा थेंब होण्याची मारामार. म्हणून तिथे मिठाचा मोठा कण कामाला येतो.

कोकणात उलटं. इथल्या ढगात समुद्राचं मीठ आधीच भरलेलं आहे. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्र्याला जो गंज चढतो तो त्याच मिठाचा. लाटा फुटून उडालेले खारे कण वाऱ्यावर येतात आणि ढगाला फुकटात पेरतात. वर घाटाची भिंत हवा उचलून देते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो याच कारणाने. इथे विमानाने आणखी मीठ मारून हाती फार काही लागत नाही.

आता 'पळवण्याचं'. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. ढग आधी डहाणूवर येतो, मग जव्हारचा डोंगर, मग घाट, मग देश. सोलापुरात मीठ मारल्याने डहाणूचा पाऊस कमी होणं म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याने पाणी घेतलं म्हणून पहिल्याचं शेत सुकणं. तसं होत नाही. यात एकच खाच आहे. सप्टेंबरअखेर वारा फिरतो. परतीच्या पावसाचे गडगडाटी ढग दुपारी घाटमाथ्यावर बांधले जातात आणि संध्याकाळी पूर्वेकडून खाली कोकणात उतरतात. त्या दिवसांत घाटावर केलेल्या पेरणीचा संबंध खालच्या शेताशी येऊ शकतो. त्याकडे पुढे येतो.

विमान नसलं की दोष दुसऱ्या कुणावर जातो. 2000 नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडे पवनचक्क्यांनी ढग पळवले अशी ओरड होती. पवनचक्कीचं पातं जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर फिरतं आणि पावसाचा ढग त्याच्या कितीतरी वर असतो. पण तहानलेल्या माणसाला असे आकडे ऐकवून भागत नाही, हेही तितकंच खरं.

मग ठोकताळे का चुकतात? इथे 'पारंपरिक ज्ञान' असा एकच गठ्ठा करून बोलण्यात अर्थ नाही. त्यातला कुठला भाग कशाला टांगलेला आहे ते वेगळं करायला हवं.

एक भाग चंद्राला टांगलेला. किनाऱ्यावरचा कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतो: तिथीला पाऊण ने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. थोडीफार मिनिटं इकडेतिकडे होतात, पण जाळं लावायला तेवढं पुरतं. या गणिताला ढगपेरणी किंवा तापमानवाढ काही धक्का लावू शकत नाही. हे आजही बरोबर येतं आणि पोरांना शिकवायला सुरुवात इथूनच करावी, कारण खरं-खोटं त्याच दिवशी कळतं.

दुसरा भाग झाडा-जिवांना टांगलेला. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस. कावळ्याने आंब्या-करंजावर घरटं केलं तर पाऊस बरा, काटेरी झाडावर केलं तर ओढ. पावशा पक्षी 'पेरते व्हा' ओरडायला लागला, मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या, शेवळं (कंदाची रानभाजी) जमिनीतून वर आली. या खुणा सगळ्या एका वजनाच्या नाहीत. शेवळ्याचा कंद वळवाच्या ओलीला आणि दमट उष्म्याला प्रतिसाद देतो, म्हणजे ती खरोखर हवेची मोजणी आहे. वलगणीचे मासे पहिल्या मोठ्या पुराला ओढ्यातून भातखाचरांत चढतात. तेही पाण्याच्या जोराचं आणि गढूळपणाचं माप. बहाव्याचं फूल मात्र मागच्या महिन्यांची उष्णता सांगतं. पुढच्या पावसाशी त्याचा धागा पातळ आहे. कावळ्याचं घरटं तर बरेचदा उरलेल्या झाडांवर ठरतं. करंजच तोडला तर कावळा काय करेल?

तिसरा भाग नक्षत्रांचा: रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, पेर, मृगात रोप वर, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, हस्तात हळवा (लवकर पिकणारा) भात तयार. नक्षत्रं सूर्याच्या ताऱ्यांमधल्या जागेवरून धरतात आणि ऋतूंच्या मानाने ती साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. शंभर-दोनशे वर्षांत दोन-तीन दिवसांचा फरक, म्हणजे घोळ त्यामुळे झालेला नाही. घोळ पावसाच्या तारखांनी केलाय. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच आला. रोहिणी नुकती लागलेली. अशा वर्षी कुठे राब (रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळणं) भाजायचा राहतो, कुठे पालापाचोळा आणि शेण ओलं होऊन नुसतं धुमसतं. न भाजलेल्या वाफ्यात तणाचं बी तसंच जिवंत राहतं आणि रोपाआधी तण वर येतं. धूळवाफ तर होतच नाही, कारण धूळच उरत नाही. मग मोड आलेलं बी चिखलात टाकायचं म्हणजे रहू करायची. पण त्यासाठी घरात माणूस हवा, आणि कातकरी कुटुंब मे महिन्यात बऱ्याचदा अजून वीटभट्टीवर असतं. यात कुठेही विमान नाही.

कुटुंब वीटभट्टीवर असण्याची ही गोष्ट मोठी आहे. शेवळं कुठल्या बांधाला आधी येतात, ते काकडाच्या फळाबरोबर शिजवलं नाही तर घसा कसा खाजतो, पहिल्या पुराला मासे धरायच्या मळ्या कुठे लावायच्या, हे त्या आठवड्यात तिथे हजर राहूनच शिकलं जातं. जो पोरगा दिवाळीनंतर भट्टीवर जातो आणि पाऊस पडल्यावर परततो, त्याच्या वाट्याला हे शिक्षण येतच नाही. ज्ञान जातंय ते आधी स्थलांतरामुळे, मग जंगल गेल्यामुळे, मग पावसाच्या तारखा हलल्यामुळे. ढगपेरणी या यादीत फार खाली आहे.

तरी ती यादीत आहे, आणि माझ्या मते तिचा घाव वेगळ्या जागी बसतो. पावसाचा ठोकताळा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली दुरुस्ती. खूण दिसली, पाऊस आला नाही, तर जुना माणूस म्हणायचा, 'वारा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) होता, म्हणून खूण फसली.' पुढच्या वेळी खुणेला वाऱ्याची अट जोडली जायची. चूक ठोकताळ्याच्या खात्यावर पडायची आणि ठोकताळा सुधारायचा. आता कुणीतरी न सांगता आभाळात हात घालतं, किंवा घालतं अशी नुसती अफवा असते, की प्रत्येक चूक विमानाच्या खात्यावर जाते. ठोकताळा बरोबर ठरला तरी चालतो, चुकला तरी चालतो. जे चुकूच शकत नाही ते सुधारतही नाही. दोन-तीन पावसाळ्यांत म्हाताऱ्याला कुणी विचारेनासं होतं आणि भगताला दोष देणं तेवढं शिल्लक राहतं. म्हणून प्रयोग कोकणात झाला की सोलापुरात यापेक्षा तो सांगून झाला की नाही हा प्रश्न मोठा आहे.

बाहेरच्या आदिवासी समाजांनी नेमकं हेच पकडलं. 2021 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाला स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरुनाजवळून, एक फुगा वर सोडायचा होता. पुढे कधीतरी वरच्या थरात कण सोडून सूर्यप्रकाश अडवता येईल का ते पाहण्याची ही पहिली पायरी होती. त्या फेरीत काहीही सोडलं जाणार नव्हतं, फक्त उपकरणं तपासायची होती. तरीही रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या परिषदेने पत्र लिहून विरोध केला: आमच्या भूमीवर हे करताना आम्हाला विचारलंच नाही, आणि हे तंत्र सगळ्या जगाचं आभाळ बदलणारं आहे. फुगा उडाला नाही. 2024 मध्ये तो प्रकल्प बंद झाला.

ॲरिझोनातलं उदाहरण आपल्या प्रश्नाला आणखी जवळचं. तिथल्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर पाऊस देणाऱ्या कात्सिना देवता राहतात असं होपी लोक मानतात. स्कीइंगच्या धंद्यासाठी त्याच डोंगरावर शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून कृत्रिम बर्फ पाडायचं ठरलं. होपी, नवाहो आणि इतर जमाती कोर्टात गेल्या आणि 2008 मध्ये अपील कोर्टात हरल्या. कोर्टाने पाहिलं की झाड तोडलं जातंय का, वाट अडवली जातेय का. पाऊस कुणी द्यायचा या कल्पनेलाच बसलेला धक्का कायद्याच्या मोजपट्टीवर चढला नाही. पाऊस नारनदेवाचा मानणाऱ्या वारली माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि घाई केल्याचं उदाहरण: 9 जून 1972, दक्षिण डकोटातलं रॅपिड सिटी, लाकोटांच्या पवित्र ब्लॅक हिल्सच्या पायथ्याशी. त्या दिवशी परिसरात मिठाच्या पेरणीचा प्रयोग झाला आणि त्याच रात्री महापुरात 238 माणसं गेली. पूर पेरणीने आला नाही, वाऱ्याची त्या दिवसाची मांडणीच तशी होती, असं अभ्यासकांचं मत पडलं. पण पूर येण्याच्या दिवशी विमान उडालं होतं, हे लोकांच्या मनातून पुसता येत नाही. अमेरिकेत त्याआधीच, 1971 च्या कायद्याने, असा प्रत्येक प्रयोग सरकारदरबारी नोंदवणं बंधनकारक केलं होतं. आपल्याकडे ढगपेरणीसाठी तसा वेगळा कायदा नाही.

पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, 1996 चा. जमीन घेताना, गौण खनिजाला, लहान जलाशयांच्या कारभारात तो ग्रामसभेला आवाज देतो. ढगाचा उल्लेख त्यात नाही. त्यातही डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात, रायगड जिल्हा येत नाही. म्हणजे सुधागड-कर्जतच्या कातकरी वाडीला हा तोकडा आधारही नाही, जरी कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक आहे. तिथे साध्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव आणि माहिती अधिकाराचा अर्ज एवढीच हत्यारं आहेत.

पाणी कुणासाठी, हाही हिशेब आहेच. 2009 च्या टंचाईत मुंबई महापालिकेने आपल्या तलावक्षेत्रावर ढगपेरणी करून पाहिली. हे तलाव शहापूर-मोखाडा पट्ट्यात. त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. पेरलेला पाऊस धरणाच्या भिंतीआड साठतो आणि नळाने शहरात जातो. पाड्याच्या वाट्याला वाढला तर चिखल.

आता सप्टेंबरअखेरच्या खाचेकडे. धरण भरायला घाटावर परतीच्या पावसात पेरणी करावी असं कुणालाही वाटेल, कारण तेव्हा गडगडाटी ढग मिळतात. पण नेमका तेव्हाच डोंगरउताराचा हळवा भात कापणीला आलेला असतो. एक जोरदार सर आली की भात आडवा होतो, दोन दिवस पाण्यात राहिला की लोंबीतच दाणा मोडावतो. गरवा भात उशिरा निसवतो. त्याचा फुलोरा धुतला गेला की दाणा न भरता पळींज राहतं. नाचणीच्या कणसाला बुरशी येते. किनाऱ्यावर वलांडीवर सुकायला टाकलेल्या बोंबलाला एक पाऊस लागला की त्याची खत सोडून दुसरी किंमत नाही. ज्या पावसाने धरण भरतं त्याच पावसाने पाड्याची वर्षाची भाकर जाते. हा तोटा प्रयोगाच्या अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

म्हणून ठराव मोघम नको. 'ढगपेरणीला विरोध' एवढंच लिहिलं तर फाइल तिथेच झोपते. लिहायचं ते असं: उड्डाणाआधी किमान 10 दिवस मराठीत लेखी सूचना, कुठल्या तालुक्यांवर, कुठल्या तारखांना, काय जाळणार, एका उड्डाणात किती नळकांडी, नंतर त्यांची वेळ आणि जागेसह नोंद, रडारवर ढगाची उंची किती होती, हवामान खात्याचा अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी उड्डाण बंद, 15 सप्टेंबर ते भातकापणी संपेपर्यंत घाटमाथ्यावर उड्डाण नाही, पिकाची हानी झाली तर पंचनामा कोण करणार. रसायनाच्या भीतीवर ठरावाचा भर देऊ नये. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि एका उड्डाणात ते फार थोडं जळतं. 'पाण्याची तपासणी करून आकडा द्या' एवढी एक ओळ पुरे. तिथेच वाद घातलात तर समोरचा अधिकारी तेवढा मुद्दा खोडून बाकीचा ठराव गुंडाळतो.

ठरावाला वजन येतं ते पाड्याच्या स्वतःच्या नोंदीने. पर्जन्यमापक विकत घ्यायलाच हवा असं नाही. सरळ उभ्या भिंतीचा, खालीवर सारख्या रुंदीचा डबा घ्या. निमुळती बादली चालत नाही, आकडा फसतो. खोली किमान 30 सेंटिमीटर हवी, कारण कोकणात चोवीस तासांत 200 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि उथळ डबा नेमका मोठ्या पावसाच्या दिवशीच भरून वाहतो. जोराच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून बेरीज करावी. तोंड जमिनीपासून फूटभर वर, नाहीतर शिंतोडे आत उडतात. झाड किंवा छप्पर जेवढं उंच त्याच्या दुप्पट अंतरावर डबा ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं. हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी ताळा घालता येतो. नंतर डबा ओतून टाकायचा. हे विसरलं की दोन दिवसांचा पाऊस एका दिवशी चढतो. नोंदवह्यांत सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच.

वहीत तारीख, तिथी, नक्षत्र, मिलिमीटर, सकाळ-संध्याकाळचा वारा कुठून, दिसलेली खूण, कुणाला दिसली, आणि त्या माणसाने काय भाकीत केलं. भाकीत पाऊस पडायच्या आधी लिहायचं. मागाहून लिहिलेलं भाकीत नेहमीच बरोबर येतं. न दिसलेली खूण आणि फसलेली खूणही लिहायची. आणि विमान दिसलं तर वेळ आणि दिशा लिहायची, त्यावर मत लिहायचं नाही.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. एका पाड्याचा जुलैचा पाऊस एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी सहज दीडपट-पाऊणपट होतो. त्यात 18 टक्के कुणी वाढवले की घटवले हे एका डब्यावरून कळणार नाही. सोलापुरात शेकडो ढग आणि रडार लागलं ते उगाच नाही. वहीतून कळेल ते वेगळं: पाच पावसाळ्यांत शेवळ्याची खूण कितीदा खरी ठरली, बहाव्याची किती, पावशाची किती. ज्या खुणा टिकल्या त्यांवर पेरणीचा निर्णय घ्यावा, बाकीच्या गाण्यात राहू द्याव्यात.

वही कुणाकडे राहणार तेही आधीच ठरवा. ती ग्रामसभेची. संशोधक आला तर पावसाचे आकडे आणि खुणांची पानं उतरवून द्यायला हरकत नाही. औषधी कंदांच्या जागा आणि भगताचे विधी त्या वहीत लिहूच नयेत, म्हणजे देण्या-न देण्याचा वाद उभा राहत नाही. पहिल्या वर्षी ज्येष्ठातच सुरुवात करायची असं नाही. हस्तात केली तरी हळव्याच्या कापणीचे दिवस पदरात पडतात, आणि ठरावाला सगळ्यात आधी तेच लागणार आहेत.